दोन देशांतील तारुण्य आणि आत्मचित्रातील ‘आपण’

आत्मचरित्र आणि आत्मचित्र या संज्ञा पुष्कळदा पर्यायी म्हणून वापरल्या जातात. तथापि त्यांतील भेद मूलभूत आहे. आत्मचरित्राचा निवेदक आयुष्याच्या उत्तरार्धात उभा राहून मागे पाहतो. घटनांचा अर्थ त्याच्यापुरता बव्हंशी ठरलेला असतो. आत्मचित्रात ‘आज मी कोण?’ हा प्रश्न खुला असतो. दोन देशांत वाढलेल्या तरुणाच्या बाबतीत तर हे खुलेपण हाच लेखनाचा आशय होय.

या संदर्भात सई परांजपे यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांचा जन्म १९३८ चा. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार, तर आई शकुंतला परांजपे. संगोपन आजोळी झाले. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त असल्याने सईंच्या बालपणाचा काही भाग तेथे गेला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचा ‘मुलांचा मेवा’ हा परीकथासंग्रह प्रसिद्ध झाला. ‘सय : माझा कलाप्रवास’ हे आत्मकथन मात्र पंचाहत्तरी उलटल्यावर, २०१६ मध्ये आले, त्याचा भर कोठे आहे हे उपशीर्षकच सांगते. परीकथा आणि स्मरण या दोन टोकांमधील विशीतल्या आत्मचित्राची जागा रिकामीच राहते. ही उणीव एका लेखिकेची नव्हे. कर्तृत्वाशिवाय आत्मकथनाचा अधिकार नाही, या वाङ्मयीन संकेताची ती आहे.

हा संकेत दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी मोडला. ‘उपरा’ (१९८०) प्रसिद्ध झाले तेव्हा लक्ष्मण माने तिशीच्या उंबरठ्यावर होते. ‘अक्करमाशी’ (१९८४) लिहिणारे शरणकुमार लिंबाळे तर तिशीच्याही आत होते. जातिव्यवस्थेने लादलेले अधांतरीपण आणि स्थलांतरातून आलेले अधांतरीपण यांची बरोबरी करणे अर्थातच गैर ठरेल. परंतु ‘कोठलाच नसणे’ हा तरुण वयातही लेखनाचा पुरेसा विषय आहे, हे या ग्रंथांनी सिद्ध केले.

चाकण परिसरात हा प्रश्न आता केवळ तात्त्विक उरलेला नाही. कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या आसमंतात २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. अशा औद्योगिक पट्ट्यात पालकांच्या नोकरीमुळे काही वर्षे परदेशी राहून परतलेला विद्यार्थी मराठीच्या वर्गात बसलेला असू शकतो. त्याचे आत्मचित्र वाचावे कसे?

येथे मराठी व्याकरणच एक साधन पुरवते. इंग्रजीत वा जर्मनमध्ये प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. मराठीत ‘आम्ही’ सामान्यतः श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. जर्मनीहून परतलेल्या मुलीने ‘आपल्याकडे डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो’ असे लिहिले, तर वाचणारा शिक्षक ‘आपल्याकडे’ खोडून ‘तिकडे’ करील. वस्तुस्थितीच्या दृष्टीने दुरुस्ती रास्त. पण तिने आत्मचित्रच पुसले जाते. त्या एका शब्दात लेखिकेने चाकणमधील वाचकाला परदेशातील आपल्या घरात घेतलेले असते. पुढील परिच्छेदात तीच चाकणविषयी ‘तुमच्याकडे’ म्हणाली आणि अखेरीस ‘इकडे’वर आली, तर ही विसंगती भाषिक दुर्बलतेची खूण नसून त्या लेखनाची खरी संहिता असू शकते.

म्हणून अशा लेखनाचे अध्यापन करताना ‘मी’पेक्षा ‘आम्ही’, ‘आपण’, ‘इकडे’, ‘तिकडे’ या शब्दांच्या जागा आधी टिपाव्यात. त्या कोठे बदलतात आणि कोणासमोर बदलतात, हे विद्यार्थ्यालाच विचारावे. प्रमाणलेखनाचे नियम शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. मात्र ‘आपण’ कोणाला म्हणावे, हा निर्णय व्याकरणाच्या कक्षेत येत नाही. तो लेखकाचा आहे, आणि विशीतल्या लेखकालाही तो घेऊ दिला पाहिजे.