अठ्ठावीस तारा

मावळातल्या वडिवळ्यात पाऊस लागला की धरणापलीकडचा डोंगर चार-चार दिवस दिसत नाही. माझे विमानं करायचे दिवस हेच. प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडताना माझा जीव रमतो तो जुन्या गोल इंजिनांत. मधल्या दंडाभोवती चक्रासारखी मांडलेली सिलिंडरं, त्यांचे स्पार्क प्लग आणि प्लगांना जाणाऱ्या तारा. त्यातही डाकोटा माझं सर्वांत लाडकं. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटांतून. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासचं टपाल रात्री नागपुरात आणून अदलाबदल करणारीही डाकोटाच. या विमानाच्या ‘ट्विन वॉस्प’ इंजिनाला तारा लावताना जे शिकलो, ते असं:

१. आधी मोजा, मग चिकटवा.
माझे मामा वायुदलात इंजिन फिटर होते. माझं पहिलं डाकोटा मी मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात ठेवलं. समोरून सात सिलिंडरं दिसत होती, म्हणून मी सात तारा लावल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून मामांनी विमान डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, “सात नीट बसल्यात. बाकीच्या एकवीस कुठायत?” ट्विन वॉस्पला सात-सात सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. एकूण चौदा सिलिंडरं, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे अठ्ठावीस तारा. तेव्हापासून पहिलं काम कागदावर आकडे मांडायचं.

२. तार कशासाठी आहे ते समजून घ्या.
इंजिनाच्या मागे ठिणगीसाठी वीज बनवणारे दोन मॅग्नेटो असतात. उजवा सगळ्या सिलिंडरांचे पुढचे प्लग पेटवतो, डावा मागचे. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहतं. उड्डाणाआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते बघतो. हे कळलं की तारेची वाट आपोआप कळते. पुढच्या प्लगची तार समोर दिसते, मागच्या प्लगची दोन सिलिंडरांच्या फटीतून आत जाते. तारांवर धातूच्या जाळीचं कवच असतं, कारण ठिणगीची खरखर एरवी विमानाच्या रेडिओत शिरते. म्हणून ही तार काळ्या रबरी वायरसारखी रंगवायची नाही.

३. जाडीचा हिशोब करा.
खरी तार कवचासह ९ मिलिमीटर धरली, तर १/४८ प्रमाणात ती ०.१९ मिलिमीटर होते. ही बरोबर ३६ गेजची तांब्याची तार. छताच्या पंख्याच्या वाइंडिंगला हीच वापरतात, त्यामुळे मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात ती मिळते. कामशेतच्या दुकानातून वीतभर मागितली, तर मालकानं अख्खी मूठभर दिली. १/७२ साठी ४० गेज घ्या. जाड तार लावली की इंजिनावर दोरखंड गुंडाळल्यासारखे दिसतात, आणि बाकीचं सगळं काम वाया जातं.

४. तारेची अढी काढा.
रिळावरची तार वाकडी असते. हातभर तुकड्याचं एक टोक खिळ्याला बांधायचं, दुसरं पकडीत धरून हळूच ओढायचं. किंचित लांबल्याचं बोटांना जाणवतं, त्या क्षणी थांबायचं. मग दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये ठेवून लाटायची. तार सुईसारखी सरळ होते आणि पुढे जिथे वाकवाल तिथेच वाकते.

५. कड्याला घाई करू नका.
प्रोपेलरमागे इंजिनाच्या नाकाभोवती एक कडं असतं. मागून आलेल्या तारा त्याच्या पोटातून फिरून सिलिंडरांपाशी बाहेर पडतात. मी ते सोल्डरची तार पेनाच्या टोपणावर गुंडाळून करतो. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन ३६० अंशांचे सात भाग करतो, प्रत्येक सुमारे साडेएक्कावन्न अंशांचा. खुणेवर आधी सुईनं टोचायचं, मगच ०.३ मिलिमीटरचं ड्रिल बोटांनी फिरवायचं. भोकात बसलेली तार टिकते. नुसती चिकटवलेली बोट लागताच निघते.

६. मावळच्या पावसाला मान द्या.
दमट हवेत सुपर ग्लूची वाफ शेजारच्या भागांवर पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते. लॅकरचा रंगही पांढुरका पडतो. एका जुलैत माझं पूर्ण इंजिन असं गेलं. आता ग्लू सुईच्या टोकावर घेतो, टिंबाएवढाच. भाग टेबललॅम्पखाली उबदार ठेवतो आणि फवाऱ्याचा रंग उघडीप मिळेपर्यंत लांबवतो.

७. फोटो कुठल्या विमानाचा आहे ते बघा.
२०१८ मध्ये ब्रिटनहून उडत आलेलं ‘परशुराम’ हे डाकोटा आज वायुदलाकडे आहे. जपलेल्या विमानाचं इंजिन लखलखीत असतं. रोज माल वाहणाऱ्या विमानाच्या तारांवर तेल आणि धूळ बसलेली असते. आपण कुठल्या दिवसाचं विमान करतोय ते आधी ठरवा.

८. सुरुवात नऊ सिलिंडरांनी करा.
आपले वैमानिक ज्यावर शिकले त्या हार्वर्डच्या इंजिनाला एकच रांग, नऊ सिलिंडरं, अठरा तारा. हात बसला की डाकोटाकडे या.

९. न दिसणारी तारही लावा.
दुसरं डाकोटा पुरं व्हायला तीन पावसाळे लागले. मामांनी आगपेटीतली काडी घेतली आणि पाढा म्हणावा तसा ठिणगीचा क्रम म्हणायला लागले, “एक, दहा, पाच, चौदा, नऊ, चार, तेरा, आठ, तीन, बारा, सात, दोन, अकरा, सहा.” सम आकडे पुढच्या रांगेचे, विषम मागच्या. एक ठिणगी मागे, एक पुढे. काडी त्याच तालात सिलिंडरांवरून फिरत होती, आणि विषम आकडा आला की फटीत शिरून आतली तार शोधत होती. चौदाही वेळा तिला तार सापडली. मामांनी विमान खाली ठेवलं, काडी पेटीत परत घातली आणि म्हणाले, “चालू होईल हे.”