घर सुटण्यापूर्वी : भाडेकरू कुटुंबाला सोबत कशी द्यावी?

सन १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला व संध्याकाळपूर्वी जागा सोडण्याचे फर्मान सुटले. दोन परिचितांनी आसरा देण्याचे टाळले. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ बाबासाहेबांना सार्वजनिक बागेत काढावा लागला.

ही घटना आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहू. त्या दिवशी त्यांना रीतसर नोटीस मिळाली नाही, मुदत मिळाली नाही, न्यायालयात दाद मागता आली नाही आणि सोबत उभा राहणारा माणूसही मिळाला नाही. यातील पहिल्या तीन गोष्टी आज कायदा देतो. चौथी मात्र समाजानेच द्यावी लागते. हा लेख त्या चौथ्या गोष्टीविषयी आहे.

इंग्लंडमध्ये २०१७ च्या एका कायद्याने असे ठरविले की, छप्पन दिवसांत कोणी बेघर होण्याचा संभव दिसला तर नगर प्रशासनाने त्याला मदत केलीच पाहिजे. त्यासाठी पगारी 'केस-वर्कर' असतात. केस-वर्कर म्हणजे एका कुटुंबाचे प्रकरण हाती घेऊन ते मार्गी लागेपर्यंत सोबत राहणारा कार्यकर्ता. आपल्या तालुक्याच्या गावी असे पद नाही. म्हणून हे काम वस्तीतील शिकलेल्या तरुण-तरुणींनी, सेवानिवृत्तांनी व महिला मंडळांनी अंगावर घेणे आवश्यक आहे.

घर कसे सुटते?

उमरेड हे कोळसा खाणीचे व मिरचीच्या बाजाराचे गाव. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणारी एखादी विधवा भगिनी दोन खोल्यांत किरायाने राहते असे समजा. हंगाम संपतो, रोजी थांबते. पण किराया थांबत नाही. दोन महिने थकतात. घरमालक बोलतो, ती लाजेने समोर जाणे टाळते. तिसऱ्या महिन्यात नोटीस येते. वाचता न आल्याने किंवा भीतीने ती नोटीस पेटीत पडून राहते. न्यायालयाचा समन्स येतो, तोही तसाच राहतो. शेवटी हुकूमनामा होतो आणि मग ती आपल्याकडे येते. येथे थकबाकीपेक्षा मुकेपणाने अधिक नुकसान केले. कायदा मुदत देतो, परंतु मुदत कोणाची वाट पाहत नाही.

कायदा काय सांगतो?

आपल्या विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. "परवानगीशिवाय कोणी काढू शकत नाही," असे जुनी माणसे अजूनही सांगतात. ही समजूत आता घातक ठरू शकते. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्यानुसार मालक सरळ न्यायालयात दावा लावतो. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद क्षेत्रांनाच लागू होतो; म्हणून आपली जागा त्यात येते काय, याची वकिलाकडून आधी खात्री करून घ्यावी.

या कायद्यातील पुढील गोष्टी कार्यकर्त्याला तोंडपाठ असाव्यात.

(१) थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी मालकाने लेखी मागणी-नोटीस दिली पाहिजे व त्यानंतर नव्वद दिवस थांबले पाहिजे.

(२) दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सर्व थकबाकी, त्यावर दर साल १५ टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि पुढील भाडे नियमित भरत राहिले, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. (कलम १५)

(३) मालकाने स्वतःच्या गरजेसाठी घर मागितले, तर घर गेल्याने भाडेकरूला अधिक हालअपेष्टा होतील काय, हेही न्यायालयाला पाहावे लागते. (कलम १६)

(४) भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पाणी, वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणता येत नाही.

(५) भाडेकरू मरण पावला तर त्या घरात त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. वरील भगिनीचे पती भाडेकरू होते, एवढ्यावरून तिला काढता येणार नाही.

कोणी कुलूप ठोकून सामान बाहेर फेकले तर काय? १९८९ साली कृष्णा राम महाले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शांतपणे ताबा असलेल्या माणसाला मालकही कायद्याच्या मार्गाशिवाय काढू शकत नाही. असे घडल्यास १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळविण्याचा दावा करता येतो.

कार्यकर्त्याने काय करावे?

प्रथम घरी जावे, खाली बसावे व पूर्ण ऐकून घ्यावे. "किराया का थकविला?" असा जाब विचारू नये. त्यानंतर सर्व कागद पाहावेत : भाडेपत्र, पावत्या, वीज बिल, नोटीस. नोटिशीच्या पाकिटावर ती मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी व तेथून दिवस मोजावेत.

भाडेपत्र साधे आहे की 'लिव्ह अँड लायसन्स'चे, हे नीट पाहावे. दुसऱ्या प्रकारात मुदत संपताच जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट रक्कम द्यावी लागते. त्या प्रकरणात समन्स आल्यास तीस दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. तेथे नव्वद दिवसांचा भरवसा देणे म्हणजे त्या कुटुंबाला खड्ड्यात लोटणे होय.

मालक भाडे घेत नसेल तर ते बँकेमार्फत किंवा मनीऑर्डरने पाठवून पुरावा जपावा. मालकाकडेही जावे. अनेक घरमालक वृद्ध असतात व किरायावरच त्यांचे घर चालते. त्यांना शत्रू समजू नये. हप्त्याने थकबाकी फेडण्याचा लेखी समझोता दोघांनाही कोर्टकचेरीपेक्षा स्वस्त पडतो. परंतु न वाचता कोणत्याही कागदावर अंगठा लावू देऊ नये.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. म्हणून जातीचा दाखला जवळ ठेवावा. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते.

शेवटी एक गोष्ट. प्रत्येक घर वाचेलच असे नाही. कधी मालकाची गरज खरी असते, कधी मुदत निघून गेलेली असते. तेव्हा खोटी आशा न दाखविता अवधी मागून घ्यावा, दुसरी खोली शोधावी, मुलांची शाळा सुटणार नाही असे पाहावे. घर बदलणे आणि बेघर होणे यांत फार अंतर आहे. ते अंतर राखणे हेच या कार्याचे यश.

प्रत्येक वस्तीत निदान दोन माणसांनी या मुदती शिकून घ्याव्यात व "नोटीस आली तर त्याच दिवशी आमच्याकडे या," असे घरोघरी सांगून ठेवावे, ही समाजबांधवांना नम्र विनंती.