रडू आवरत नाही, हे नाटक नव्हे
माडावरून किंवा ट्रॅक्टरवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस बरा होऊन घरी येतो; पण साध्या बोलण्यावरही त्याला रडू कोसळते, कधी भलत्या वेळी हसू फुटते. आपण त्याला नाटक किंवा बाहेरची बाधा समजतो. तसे नाही. हसण्या-रडण्याला लगाम घालणारे मेंदूतील मार्ग दुखावले की लगाम सुटतो. आत तेवढे दुःख असतेच असे नाही. झटका बहुधा काही सेकंदांत वा मिनिटांत ओसरतो. त्या वेळी रागावू नये, कारण विचारत बसू नये. विषय बदलावा, सावकाश श्वास घ्यायला सांगावे. यावर औषधे आहेत, डॉक्टरांना दाखवावे. उदासी दोन आठवडे टिकली, तर तो वेगळा आजार असू शकतो, तेही सांगावे. मात्र रडेल म्हणून आपण त्याला लग्नकार्यातून वगळू नये.