शून्य सामाईक हवे

कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, असे तुम्ही भूगोलात वाचले असेल. पण ही उंची कोठून मोजली? समुद्रसपाटीपासून. हा आरंभ ठरलेला नसेल, तर १६४६ या आकड्याला अर्थच उरत नाही. विजेच्या दाबाचेही तसेच आहे. आपण व्होल्टमध्ये मोजतो ते विभवांतर, म्हणजे दोन बिंदूंमधील फरक.

एक सोपा प्रयोग करून पाहा. विजेरीचे दोन सेल टेबलावर वेगवेगळे ठेवा. मल्टिमीटरची लाल तार पहिल्या सेलच्या धन टोकाला आणि काळी तार दुसऱ्याच्या ऋण टोकाला लावा. दीड व्होल्ट काही दिसणार नाही. आता दोन्ही सेलची ऋण टोके एका तारेने जोडा. काटा लगेच सुमारे १.५ व्होल्टवर जाईल. का बरे? कारण दोन्ही सेलना आता एकच शून्य मिळाले.

हेच तत्त्व शेतातील उपकरणांत लागते. मातीतील ओल मोजणारा संवेदक आपली मापे 'डाटा लॉगर' या नोंदयंत्राकडे पाठवतो. एसडीआय-१२ या पद्धतीत त्यासाठी तीन तारा असतात : १२ व्होल्ट पुरवठ्याची, संदेशाची आणि ग्राउंडची. संदेशाच्या तारेवर सेकंदाला १२०० बिट एकामागून एक जातात. दाब १ व्होल्टपेक्षा कमी असेल तर '१' आणि ३.५ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर '०' समजायचा.

समजा, संवेदकाला स्वतंत्र बॅटरी दिली आणि नोंदयंत्राला फक्त संदेशाची तार जोडली. आता ३.५ व्होल्ट कशाच्या तुलनेत? प्रवाहाला परतीची वाटही नाही. मग उत्तर येत नाही, किंवा चुकीचे वाचले जाते. पावसाळा संपल्यावर वही कोरी निघाली, तर ती मापे पुन्हा कोठून आणणार?

म्हणून पुरवठा बंद ठेवून आधी दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके जोडा, मग संदेशाची तार. धन टोके मात्र एकमेकांना जोडू नका. येथे 'ग्राउंड' म्हणजे जमिनीत पुरलेली सळई नव्हे, तर दोन्ही उपकरणांनी मानलेले सामाईक शून्य, हेही ध्यानात ठेवा.

आणि हे प्रयोग फक्त सेलवर करा. घरातील विजेच्या जोडणीला कधीही हात लावू नका.

जाता जाता एक गणित : एका अक्षराला १० बिट लागतात. तर ८ अक्षरांचे उत्तर किती वेळात पोचेल?