फुकटचं नव्हे, सगळ्यांचं

मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसमध्ये आम्हाला १८ वर्षं झाली. नव्यानं येणाऱ्या मराठी कुटुंबांना मी ज्या गोष्टी आवर्जून सांगते, त्या इथे लिहिते आहे.

१. कमान पाहा, पण तिथूनच परत फिरू नका.
मिसिसिपीकाठची गेटवे आर्च ६३० फूट उंच आहे आणि तिच्या दोन पायांमधलं अंतरही तेवढंच. १९६५ साली ती पुरी झाली. तिचा आराखडा करणारे एरो सारिनेन त्याआधी चार वर्षं गेले होते. माथ्यावरच्या छोट्या खिडक्यांतून पूर्वेला नदी दिसते, पश्चिमेला जुनं कोर्ट. खाली उतरलात की त्या कोर्टापर्यंत चालत जा.

२. गावाचं दुखणं माहीत करून घ्या.
ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या गुलामगिरीतल्या नवरा-बायकोनं १८४६ साली स्वातंत्र्यासाठी दावे लावले, त्यांची सुनावणी या कोर्टात झाली. १८५० मध्ये ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र त्यांचा स्वातंत्र्याचा हक्क नाकारला. पुढे १९५९ पासून मिल क्रीक व्हॅली ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती पाडली गेली आणि सुमारे २०,००० माणसं उठवली गेली. मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. जिथे राहायचं, तिथल्या जखमा ठाऊक हव्यात.

३. ‘फुकट’ म्हणजे कुणीतरी आधीच भरलेलं.
फॉरेस्ट पार्क १८७६ साली खुलं झालं. सुमारे १,३०० एकरांच्या या बागेत १९०४ चं जागतिक प्रदर्शन भरलं. कला संग्रहालयाची मुख्य इमारत त्याच वेळची. हे संग्रहालय, प्राणिसंग्रहालय आणि इतिहास संग्रहालय यांना प्रवेशमूल्य नाही. प्राणिसंग्रहालयासाठी लोकांनी १९१६ मध्येच मत देऊन कर लावून घेतला आणि १९७१ पासून शहर व भोवतालची काउंटी मिळून या संस्थांचा भार उचलतात. भाड्याच्या घरात असताना मी मुलीला दर शनिवारी हत्ती दाखवायला न्यायची. पुढे घर घेतलं, पहिली घरपट्टी आली आणि तिच्यात या संस्थांसाठीची ओळ दिसली. तेव्हा उमगलं, इतकी वर्षं माझी लेक अनोळखी लोकांच्या घरपट्टीवर हत्ती पाहत होती. ती रक्कम मी आजही सगळ्यात आनंदानं भरते.

४. नाटकाला लवकर जा.
याच बागेत म्युनी हे सुमारे ११,००० आसनांचं उघड्यावरचं नाट्यगृह आहे. मागच्या नऊ रांगांतल्या जवळपास दीड हजार जागा प्रत्येक प्रयोगाला विनामूल्य असतात. जो आधी येईल त्याची जागा. दुर्बीण आणि दशम्या घेऊन आम्ही कित्येक उन्हाळे तिथे बसलो.

५. वस्त्या पायी फिरा.
द हिल या इटालियन वस्तीत रस्त्याकडेचे अग्निशमन नळसुद्धा हिरव्या, पांढऱ्या, लाल रंगांत रंगवलेले आहेत. सुलार्डच्या बाजाराची परंपरा १७७९ पासूनची. भाजी तिथून घ्या, विक्रेत्यांशी बोला.

६. ‘शाळा कुठली?’ याचं मनमोकळं उत्तर द्या.
इथे मोठ्या माणसांनाही हायस्कूल विचारतात. आपण ‘गाव कुठलं?’ विचारतो, तसंच. मी साताऱ्याच्या शाळेचं नाव सांगते आणि गप्पा सुरू होतात.

७. घ्यायचं तर काही देऊन घ्या.
इथे हॅलोवीनला दारात आलेल्या मुलानं आधी विनोद सांगायचा, मग खाऊ मिळतो. पहिल्या वर्षी पाच वर्षांची माझी लेक इंग्रजी विनोद विसरली आणि तिनं मराठीत सांगितला. शेजारच्या आजी शब्दही न कळता खळखळून हसल्या, त्यांनी तिची पिशवी भरली. आता दारात खुर्ची टाकून मी बसते. विनोद दर वर्षी तेच असतात. प्रत्येक मुलासाठी मी नव्यानं हसते.