गोठ्याच्या तुळईला फायबरचे गज : कधी व कसे?



ऊस विकास खात्याने बांधकामावर लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु उसाचे पैसे हाती आले की आपण गोठा बांधतो, आणि काही वर्षांनी त्याच स्लॅबच्या तुळयांना खालून चिरा पडतात. मिस्त्री गिलावा करून देतो, तो पुन्हा पडतो. खाली जनावरे असतात, घरची माणसे धारेला बसलेली असतात. म्हणून हा विषय समजून घ्यावा.

चिरा का पडतात?
काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. भाराने तुळईचा तळ ताणला जातो, म्हणून तळाशी लोखंडी गज घालतात. ओल व क्षार आत झिरपले की गज गंजतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट फुटते. नुसत्या गिलाव्याने आतला गंज थांबत नाही.

फायबरचा गज
काचेचे तंतू रेझिनमध्ये बसवून हा गज करतात. वजन लोखंडाच्या सुमारे पाव, ताणशक्ती अधिक, आणि गंज नाही. पण ताठपणाही सुमारे पावच. लोखंड तुटण्याआधी वाकून इशारा देते, हा एकदम तुटतो. जागेवर वाकवताही येत नाही.

कामाची रीत
१) आधी टेकू द्यावेत. सुटे काँक्रीट काढून, जुने गज घासून, तळ नव्या मसाल्याने पक्का करावा. पोकळ काँक्रीटमध्ये बसवलेला गज कामाचा नाही.
२) तळाला लांबीत खाच पाडावी. रुंदी व खोली गजाच्या किमान दीडपट, म्हणजे ८ मि.मी. गजाला १२ मि.मी. जुना गज किंवा रिंग कापू नये.
३) धूळ काढून कोरड्या खाचेत निम्मे इपॉक्सी भरावे, गज दाबावा, वरून पुन्हा भरावे. ते पक्के होईपर्यंत टेकू हलवू नयेत.

आगीचे भान
आगीत इपॉक्सी लवकर मऊ पडते व गजाची पकड सुटते. गोठ्यात कडबा असतोच. म्हणून नवा गज निकामी झाला तरी जुन्या तुळईने स्लॅबचा भार पेलला पाहिजे. तेवढी ताकद तिच्यात नसेल तर हा उपाय करू नये.

गज किती व कोणत्या जाडीचे, हे इंजिनिअरकडूनच ठरवून घ्यावे. तूर्त तुळई हातोडीने हलके ठोकून पाहा. बद्द आवाज आला, तर जनावरे आजच दुसरीकडे बांधावीत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी