फॉस्फरसची काटकसर

खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश ही नावे तुम्ही वाचली असतील. यांतील स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. पिकांप्रमाणे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांनाही तो लागतो. पेशीतील डीएनए, ऊर्जेची देवघेव करणारे एटीपी आणि पेशीभोवतीचे पातळ पटल या तिन्हींत फॉस्फरस असतो. पण भर समुद्रात खत कोण घालणार?

अटलांटिक महासागरातील सारगॅसो समुद्राचे उदाहरण घेऊ. या समुद्राला किनारा नाही. चारही बाजूंनी सागरी प्रवाह हीच त्याची सीमा. पाणी निळेशार व नितळ. हा नितळपणा दारिद्र्याचे लक्षण आहे बरे का! प्लवक थोडे, म्हणून पाणी स्वच्छ. उन्हाने तापलेले वरचे पाणी हलके असते, ते खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही. त्यामुळे खोलवरचे फॉस्फेट वर येत नाही. त्यातच सहाराची धूळ वाऱ्याबरोबर लोह आणते, आणि त्याच्या साहाय्याने काही नीलहरित जीवाणू हवेतून आलेला नायट्रोजन पकडतात. नत्राची सोय झाली, की अडते ते फॉस्फरसवाचून. पृष्ठभागाजवळच्या हजार लिटर पाण्यात फॉस्फेटच्या रूपातील फॉस्फरस बहुधा एक-तृतीयांश मिलिग्रॅमही भरत नाही.

मग प्लवक जगतात कसे? पहिला उपाय काटकसरीचा. प्रोक्लोरोकॉकस हा नीलहरित जीवाणू पटलासाठी फॉस्फरसयुक्त मेदाऐवजी गंधकयुक्त मेद वापरतो. गंधक समुद्रात मुबलक आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, या जीवाणूने घेतलेल्या फॉस्फेटपैकी १ टक्क्याहूनही कमी भाग पटलाच्या मेदात गेलेला आढळला. दुसरा उपाय असा, की अनेक प्लवक एक विकर तयार करतात. ते पाण्यातील सेंद्रिय संयुगांना जोडलेले फॉस्फेट कापून सुटे करते.

खरे आश्चर्य पुढेच आहे. पेशी फॉस्फेटचे रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळी बनवतात. तिला पॉलिफॉस्फेट म्हणतात. ही जणू पेशीतील कणगीच. सुगीत कणगी भरावी आणि दुष्काळात रिकामी व्हावी, असाच कुणाचाही अंदाज असणार. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उलटेच दिसले. जवळच्या, फॉस्फेट अधिक असलेल्या पाण्यातील प्लवकांपेक्षा सारगॅसोतील प्लवकांच्या एकूण फॉस्फरसमध्ये पॉलिफॉस्फेटचा वाटा जास्त होता! म्हणजे हा नुसता अडीनडीसाठी ठेवलेला साठा नाही, तर रोजच्या उलाढालीतले चलन आहे. शिवाय मृत प्लवकांचे कण बुडू लागले, की त्यांतील पॉलिफॉस्फेट इतर फॉस्फरस-संयुगांच्या आधी सुटे होते. फॉस्फरस खोल पाण्यात हरवण्यापूर्वीच वरच्या थरात राहतो आणि नव्या पेशींच्या उपयोगी पडतो.

अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणानुसार प्लवकांत फॉस्फरसच्या १ अणूमागे कार्बनचे १०६ अणू असतात. उष्ण आणि पोषणद्रव्यांनी गरीब अशा समुद्रांत मात्र मोजणी केली, तेव्हा सरासरी १९५ अणू भरले. फॉस्फरसचा तोच एक अणू तेथे जवळजवळ दुप्पट कार्बन बांधून ठेवतो.